पात्याचं पाणी

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गुणाजी परबाला ताप आला. तीन दिवसांनी उतरला, पण जाताना त्याची बोटं घेऊन गेला. चिकनगुन्या. मनगटं सुजून टणक झाली, मूठ वळेना, शर्टाचं बटण लागेना. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, कुणाला महिना लागतो, कुणाला सहा लागतात. औषध घ्या, कोमट पाण्यात हात बुडवून बसा.

बुडवून बसणं गुणाजीला जमण्यातलं नव्हतं. दहिसर नदीच्या पुलाजवळ गावठाणाच्या तोंडाशी त्याचा गाळा होता. वर राहायची खोली, खाली धार लावायचं दुकान. कात्र्या, विळ्या, कोयते, हॉटेलच्या सुऱ्या. गाळ्याच्या मधोमध त्यानं स्वतः जोडून घेतलेलं मशीन होतं. एक मोटर, तीन चाकं, आणि चाकांवरून फिरणारा दोन बोटं रुंद खरखरीत पट्टा. नुसती धार लावणारे दहिसरपासून बोरिवलीपर्यंत पुष्कळ होते. सुरीचं पातं दोन्ही गालांनी, म्हणजे धारेच्या वरच्या सपाट बाजूंनी, घासून पातळ करून देणारा तो एकटाच.

त्याची बायको सुगंधा एकोणीस वर्षं त्याच गाळ्यात खाली गोणपाटावर बसून काम करत होती. सुऱ्यांच्या मुठी बदलायची, मशीनवरून उतरलेलं पातं दगडावर घेऊन शेवटची धार काढायची, धुऊन पुसून तेलाचं बोट फिरवायची. मशीनला तिनं हात लावला नव्हता. तशी वेळ आली नव्हती, एवढंच.

पंधरा दिवस मशीनवर चादर टाकलेली होती. सुगंधा दगडावर होईल तेवढं काम करत होती. अशाच एका दुपारी मच्छीबाजाराबाहेर धार लावणारा अंबादास दारात येऊन उभा राहिला. छत्री मिटता मिटता त्यानं मशीनभोवती एक फेरी मारली आणि वाकून खाली बघितलं.

"वहिनी, हे बोल्ट गंजलेत का हो? पाना कितीचा लागेल?"

"कशाला?"

"न्यायचंय ना. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी टेंपो आणतो. गुणाजीभाऊ बोलले नाहीत तुम्हाला?"

सुगंधानं हातातली कात्री दगडावरून उचलली नाही. "बोलले असतील. माझ्या ध्यानात नाही राहिलं."

"बंद मशीन म्हणजे गंजाला आवतण," अंबादास म्हणाला. "मी चालवीन, भाऊंना त्यांचा वाटा देईन. उगाच पडून राहण्यापेक्षा बरं. बाईमाणसाच्या हातचं थोडंच आहे हे? माझ्या हँडग्राइंडरनंच माझी बोटं दोनदा फाडलीत."

तो गेल्यावर सुगंधानं कात्री पुरी केली, कागदात गुंडाळली, मग जिना चढून वर गेली. गुणाजी खाटेवर बसून टोपातल्या पाण्यात हात सोडून बसला होता.

"अंबादास इलेलो," ती म्हणाली.

गुणाजीनं पाण्यातच बोटं हलवली. "तुका सांगणारच होतंय."

"केवा? टेंपो दारात लागल्यावर?"

"माझे हात बघ गो. चमचो धरूक येना. पोरगी एकटी किती ओढतली?"

मुलगी श्रुतिका बोरिवलीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती सकाळी सातला निघायची आणि दिवसभर उभ्यानं काम करायची.

"माझे हात शाबूत असत," सुगंधा म्हणाली.

"मशीन तुझ्यान होवचा नाय. पदर अडाकलो तर मान जायत. सुरी उडाली तर पोटात."

"पदर खोचतंय. सुरी घट धरतंय. आणि काय?"

गुणाजीनं हात पाण्यातून बाहेर काढले. पाणी थंड झालं होतं. तिनं टोप उचलला, पाणी मोरीत ओतलं आणि पुन्हा तापवायला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं मशीनवरची चादर काढली. साडीचा पदर कमरेला दोनदा आवळून खोचला, वरून गुणाजीचा जुना फुल शर्ट चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या. नाकातोंडावर फडकं बांधलं. गुणाजीचा चष्मा तिच्या नाकावरून घसरत होता, त्याला मागून रबर लावलं. खोक्यात पडलेल्या मोडक्या, बिनमुठीच्या सुऱ्या काढल्या आणि बटण दाबलं.

मशीनचा आवाज तिला पाठ होता. पण आवाज ऐकणं वेगळं आणि त्याच्यासमोर उभं राहणं वेगळं. पहिलं पातं टेकवलं तसं पट्ट्यानं ते हातातून हिसकावून खाली फरशीवर आपटलं. दुसरं तिनं घट्ट धरलं, तर एका जागी खड्डा पडला. तिसऱ्या पात्याला तिनं धार खालच्या अंगाला ठेवली, म्हणजे पट्टा धारेत न शिरता धारेवरून निसटून जाईल. एकोणीस वर्षं समोर बसून तिनं हेच बघितलं होतं. हात पुढे-मागे न करता सगळं अंग कमरेतून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचं, झाडू मारताना नेतात तसं. दुपारपर्यंत अकरा पाती झाली. त्यातली आठ भंगारात गेली. तीन बघण्यासारखी होती.

गुणाजी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसला होता. केव्हापासून ते तिला कळलं नाही.

"खांदो वर घेतंस," तो म्हणाला. "म्हणान टोकाकडे जोर जाता."

तिनं खांदा खाली घेतला. पुढचं पातं बरं उतरलं. ती वळून त्याच्याकडे बघायला गेली, पण तो वर निघून गेला होता.

मासेमारीची बंदी उठायला सहा दिवस राहिले होते, तेव्हा कमळ आली. कमळ गोराईची कोळीण, दहिसरच्या बाजारात तीस वर्षं बसणारी. अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून. रेनकोटाच्या आतून तिनं फडक्यात बांधलेलं गाठोडं काढलं आणि फळीवर आपटलं. आत आठ सुऱ्या होत्या. नव्याकोऱ्या, लांब, चकचकीत, काळ्या मुठीच्या.

"मालक कुठं हाय?"

"आजारी आहेत. काय ते मला सांग."

"ह्या बघ. माझ्या पोरानं, प्रज्योतनं आणल्यान. हॉटेलांना सुरमईचे काटे काढून सलग तुकडे द्यायचं काम घेतलंय त्यानं. बर्फातल्या मालावर सुरुवात केली नि पयल्याच दिवशी अर्धा माल परत. का, तर तुकडे फाटलेत. अंबादासकडून धार लावून आणली. केस कापतंय बघ, इतकी धार. पण मासलीत शिरत नाय. मधीच अडकतंय नि मांस चिरफाळतंय."

सुगंधानं एक सुरी उचलली. धार खरंच होती. पण धारेच्या वरती पातं एकदम जाड होत गेलं होतं. तिनं डब्यात राहिलेलं एक गाजर काढलं आणि फळीवर ठेवलं. सुरी अर्ध्यापर्यंत गेली आणि मग कडकन आवाज झाला. गाजर कापलं गेलं नव्हतं, फुटलं होतं.

"धारेचं काम नाही हे," ती म्हणाली. "पातं पाचरीसारखं आहे. पुढं कापतं नि मागं फाडतं. दोन्ही गाल उतरवायला पाहिजेत."

"मग उतरव. पण कोण उतरवणार? मालक तर आजारी."

"मी."

कमळनं तिच्याकडे वरून खालपर्यंत बघितलं. तो शर्ट, ते रबर लावलेलं चष्म्याचं सोंग. "तुना जमतंय काय गो?"

"जमतं."

"बंदी उठली का त्याच दिवशी हॉटेलवाला पयला माल बघनार हाय. तो फाटला तर दुसऱ्याला काम देनार. माझ्या पोराचं नाव जाईल." कमळनं सात सुऱ्या परत बांधल्या आणि एक फळीवर ठेवली. "ही एक कर. बघते. मग बाकीच्या."

ती एक सुरी दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधानं हातात घेतली. पाऊस सारखा लागून होता. भिंतीला ओल आली होती, आणि रात्री पुसून ठेवलेल्या कात्र्यांवर सकाळी गंजाचे तपकिरी ठिपके दिसत होते. तिनं बादली भरून मशीनशेजारी ठेवली. श्रुतिकाच्या मार्करनं पात्याचे दोन्ही गाल काळे केले, म्हणजे पट्टा नेमका कुठं लागतोय ते कळेल. काळं पुसलं जाईल तिथं लागला, राहील तिथं नाही. ही युक्ती गुणाजीची नव्हती, तिची होती. तो डोळ्यांनीच ओळखायचा.

एक फेरी, पाण्यात बुडवणी. एक फेरी, बुडवणी. हातमोजे घालायचे नाहीत, उघड्या बोटांना पातं तापलेलं कळलं पाहिजे. उजवा गाल तासाभरात सरळ उतरला. ठिणग्या शर्टावर पडत होत्या, नाकावरचं फडकं काळं झालं होतं. डाव्या गालाला हात घातला तेव्हा दुपार झाली होती आणि तिला आपलं जमतंय असं वाटायला लागलं होतं.

पट्टा जुना होता. सकाळपासून तोच. दाणे बोथट झाले होते, खरखर जाऊन चर्रर्र असा आवाज यायला लागला होता. तिला तो ऐकू आला, पण एवढा एक गाल होऊ दे, मग बदलू, असं म्हणून तिनं जरा जोर दिला. टोकाकडे जाताना बोटं भाजली. तिनं सुरी झटकन बादलीत बुडवली. चुर्र झालं. बाहेर काढली तर टोकाला, बोटाच्या एका पेराएवढ्या जागी, निळी जांभळी झाक आली होती. मोराच्या पिसासारखी, दिसायला सुरेख.

तिनं मशीन बंद केलं.

जिन्यावरून गुणाजीचा आवाज आला. "पाणी गेला."

पोलाद तापवून थंड करून त्यात जो कडकपणा आणतात, त्याला पाणी म्हणतात. एकदा उतरलं की ती जागा मऊ. धार लावली तर लागते, पण चार मासे कापले की वळते, आठ कापले की जाते. घरच्या शेगडीवर ते पाणी परत चढत नाही.

सुगंधा उभ्याउभ्याच सुरीकडे बघत राहिली. बारीक दाण्याचा पट्टा समोर खुंटीला होता. त्याच्या दोन फेऱ्या मारल्या असत्या तर निळं पुसलं गेलं असतं, वर आरशासारखी चमक आली असती. कमळला पत्ता लागला नसता. लागला असता तो पंधरा दिवसांनी, आणि तेव्हा सुरी खराब निघाली असं ती म्हणाली असती. बाजारात अशा सुऱ्या रोज परत जातात.

गुणाजी जिन्यावरून नुसता बघत होता.

"किती कापूक होया?" तिनं विचारलं.

"निळ्याच्या मागे अर्धा बोट आणि. थयसर पण ताप गेलो असतलो."

तिनं नवा पट्टा चढवला. सुरीचं टोक मार्करनं आखलं आणि थोडं थोडं करून, दर वेळी पाण्यात बुडवत, सगळं निळं खाऊन टाकलं. नवं टोक काढलं, पाठीला गोलाई दिली. सुरी सव्वा इंचानं तोकडी झाली. मग उरलेला डावा गाल उतरवला, दगडावर बसून धार काढली, धुतली, पुसली. उजव्या अंगठ्याचं नख पट्ट्याला लागून तिरकं घासलं गेलं होतं. ते तिला आत्ता दिसलं.

संध्याकाळी चारला ती छत्री घेऊन बाजारात गेली. मच्छीबाजारात बंदीमुळे गर्दी कमी होती, बाहेरच्या राज्यातून आलेला बर्फातला माल तेवढा होता. कमळ ओट्यावर बसली होती. शेजारी तिचा मुलगा प्रज्योत फोनवर बोलत उभा होता. सुगंधानं कागद उलगडला.

कमळनं सुरी उचलली आणि लगेच भुवया चढवल्या. "आं? ही आमची नाय."

"तुमचीच. टोक तापलं माझ्या हातून. पाणी गेलं होतं म्हणून तेवढं काढून टाकलं."

शेजारच्या ओट्यावरच्या दोघी हसल्या. एक म्हणाली, "मालकाचं बिल वसूल करायला बायको आली, अर्धी सुरी खाऊन!" दुसरी म्हणाली, "परबीणबाई, मुठी बसवा, मुठी."

सुगंधाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण ती हलली नाही.

प्रज्योतनं फोन ठेवला. "काकी, हे काय यार? नवी सुरी आहे. माझी पूर्ण वाट लागणार अशानं."

"चुकलं ते सांगायलाच आलेय मी," सुगंधा म्हणाली. "पुसून दिली असती तर तुला कळलं नसतं. आता ही कापून बघ. नाही आवडली तर तशी नवी आणून देते, बाकीच्या सुऱ्या दुसऱ्याला दे."

प्रज्योत काही म्हणणार होता, पण कमळनं हात वर केला. तिनं बर्फातून सुरमई ओढली, हातभर लांब, पाटावर आडवी टाकली. कल्ल्यामागे सुरी टेकवली, काट्याला लावून आडवी केली आणि शेपटीकडे ओढली. बाजारात पंख्याची घरघर तेवढी होती. सुरी कुठेच थांबली नाही. कमळला खांदा लावावा लागला नाही, मनगटानंच ती गेली. वरचा अर्धा मासा काट्यावरून सुटून पाटावर उलटला. कापलेली बाजू ओल्या फरशीसारखी सपाट होती. एकही चीर नाही.

कमळनं त्यावरून अंगठा फिरवला. मग मासा उलटा करून दुसरी बाजू काढली. मधला काटा उचलून उजेडात धरला. काट्याला मांस जवळजवळ राहिलंच नव्हतं.

मघाशी हसलेली बाई उठून जवळ आली होती. "मना बघू दे गो जरा."

"थांब," कमळ म्हणाली आणि सुरी आपल्या मांडीखाली सरकवली. मग सुगंधाकडे बघितलं. "तोकडीच बरी हाय ही. टोक कामालाच येत नवतं." तिनं ओट्याखालून सात सुऱ्यांचं गाठोडं काढलं. "पण ह्यांची टोकं खाऊ नको. सगल्या तोकड्या झाल्या तर हाटेलवाला मना सांगेल, पेन्सिली छिलायला बसलीस काय."

घरी आल्यावर सुगंधा सरळ वर गेली. गुणाजी खाटेवरच होता.

"मशीन हळू करूचा असा," ती म्हणाली. "पट्टो लय जोरात पळता. तुमच्या हाताक चलता, माझ्या नाय. काय करूचा?"

"मोटरीची पुली बदलूक होयी. बारकी. पत्र्याच्या पेटीत असा, मीच काढलेली. तिच्यान काम हळू होता म्हणान."

"होवंदे हळू."

"दिवसाक चार सुरये व्हयत होते, थय दोन होतले."

"दोन होवंदे. निळे होवचे नायत."

गुणाजी उठला, एकेक पायरी उतरत खाली आला आणि स्टुलावर बसला. त्याला पाना धरता येत नव्हता. तो सांगत गेला, ती करत गेली. आधी पट्टा सैल कर. आता ते बारीक छिद्र दिसतं, त्यात चावी घाल. उलटी नाही, सुलटी. जोर लाव. अजून. पुली निसटली तशी सुगंधा मागे भिंतीवर जाऊन आदळली आणि दोघंही हसली. गुणाजीला ताप आल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

पुढचे चार दिवस ती सकाळी श्रुतिकाचा डबा भरून झाला की खाली उतरायची आणि दिवेलागणीला वर जायची. प्रत्येक पट्टा किती फेऱ्या चालला ते भिंतीवर खडूनं रेघा मारून ठेवायची. आवाज बदलला की रेघा कितीही असोत, पट्टा बदलायचा. पाण्यात राहून बोटांची टोकं पांढरी पडली, सुरकुतली. शिंकरलं की काळं यायचं. कमरेत उजव्या बाजूला एक गाठ बसली ती झोपेतही सुटायची नाही. श्रुतिकानं एकदा पाठीला बाम चोळता चोळता म्हटलं, "आई, तुझे दंड बघ. माझ्याहून कडक झालेत."

"मग? तुला काय वाटलं?" सुगंधा उशीत तोंड घालून म्हणाली.

चौथ्या दिवशी, नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी, सहावी सुरी पुरी होऊन सातवी मशीनवर असताना दारात टेंपो लागला. अंबादास आणि दोन हमाल उतरले. एकाच्या खांद्यावर दोरखंड होता.

सुगंधानं बघितलं आणि पुन्हा सुरीकडे बघितलं. फेरी अर्ध्यात सोडता येत नाही, खाच पडते. तिनं मुठीकडच्या टाचेपासून टोकापर्यंत सुरी नेली, पाण्यात बुडवली, मग बटण बंद केलं.

"वहिनी, जरा बाजूला होता का? बोल्ट काढून घेतो," अंबादास म्हणाला.

"मशीन जाणार नाही."

"असं कसं? शब्द झालाय आमचा. टेंपो सांगून आणलाय, माणसं आणलीत." तो गुणाजीकडे वळला. गुणाजी स्टुलावर बसला होता. "भाऊ, बोला की. का घरात तुमचं चालत नाही आता?"

हमाल हसले. सुगंधाला गुणाजीच्या मानेवरची शीर दिसत होती. शब्दाला तो किती जपायचा हे तिला ठाऊक होतं. गावच्या जमिनीत सख्ख्या भावाला तोंडी दिलेला शब्द त्यानं कागद नसताना पाळला होता, आणि ते त्या वेळी तिला पटलं नव्हतं. तिनं काही सुचवलं नाही. सुरी पुसत राहिली.

गुणाजी उठला. मशीनजवळ आला आणि मोटरीवर तळवा ठेवला. मोटर गरम होती.

"अंबादास, तू काय बोलला होतास? बंद मशीन पडून गंजेल, म्हणून दे."

"हो मग."

"मी बंद मशीन देतो म्हणालो होतो. हात लावून बघ. हे बंद आहे काय?"

अंबादासनं हात लावला नाही. "ह्याला काय अर्थ आहे भाऊ? वहिनी दोन दिवस हौस करतील, तिसऱ्या दिवशी बोट जाईल."

"हौस?" गुणाजीनं फळीवरची सहावी सुरी उचलायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. मग त्यानं ती दोन्ही तळव्यांत धरून त्याच्यापुढे केली. "तू धार लावलेली सुरी आहे ही. बघ आता."

अंबादासनं सुरी घेतली. तो धंद्यातलाच माणूस होता. त्यानं ती डोळ्यासमोर आडवी धरून पाठीकडून धारेकडे बघितलं, मग उलटी करून बघितलं. बराच वेळ. हमालांपैकी एकानं टेंपोवाल्याला थांब म्हणून हात केला.

"कुठंच निळी नाही," अंबादास शेवटी म्हणाला.

"एक झाली होती," सुगंधा म्हणाली. "ती कमळच्या ओट्यावर आहे. जाऊन बघ, तोकडी आहे."

त्यानं सुरी फळीवर ठेवली, जपून. "टेंपोची खेप फुकट गेली माझी," तो पुटपुटला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. जाताना त्यानं गुणाजीला विचारलं, "हात कसे आहेत?" आणि उत्तराची वाट न बघता टेंपोत बसला.

बंदी उठल्यावरचा पहिला माल हॉटेलवाल्यानं कमळच्या ओट्यावर येऊन बघितला. सुगंधा तिथं गेली नाही, तिला काम होतं. दुपारी प्रज्योत स्वतः आला. "काकी, झकास! एक तुकडा परत नाही. तो विचारत होता, सुऱ्या कुठून आणल्या." मग त्यानं फडक्यातून आणखी पाच काढल्या. "ह्या बोरिवलीच्या एका किचनच्या आहेत. आणि बाजारातल्या त्या दोघी पण येणार आहेत. कधी देशील? परवा?"

"आठ दिवसांनी."

"आठ? काकी, अंबादास दहा मिनिटांत—"

"मग त्याच्याकडे ने."

प्रज्योत हसला आणि सुऱ्या ठेवून गेला.

सप्टेंबर उजाडला. गुणाजीची सूज उतरली, पण पकड आली नाही. तो रोज सकाळी खाली येऊन स्टुलावर बसायचा. पहिले काही दिवस तो बोलायचा, खांदा खाली, जोर कमी, आता पलट. मग बोलण्यासारखं काही राहिलं नाही. गिऱ्हाइकं आत यायची, त्याच्याकडे बघून मान हलवायची आणि सुगंधाशी बोलायची. तो छपरावरून गळणाऱ्या पाण्याकडे बघत बसायचा.

एका सकाळी त्यानं विचारलं, "माका काय काम असा?"

सुगंधानं मशीन बंद केलं. त्याचा प्रश्न तिला नीट ऐकू आला होता. इतक्या वर्षांत त्यानं तिला असं कधी विचारलं नव्हतं. बसा आराम करा, असं म्हणणं सोपं होतं. ती तसं म्हणाली नाही. इकडेतिकडे बघून तिनं पुरी झालेली सुरी फळीवरून उचलली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ही बघा. झाली काय?"

त्याला मूठ धरता येत नव्हती. त्यानं पातं मांडीवरच राहू दिलं आणि अंगठा एका गालाला, पहिलं बोट दुसऱ्या गालाला लावलं. टोकापासून टाचेकडे बोटं हळूहळू सरकवत नेली. सुजून गेलेली, वाकडी बोटं. एका जागी थांबली, मागे गेली, पुन्हा तिथंच आली.

"टाचेकडे जाड असा," तो म्हणाला.

"मी बघलंय ता. नाय जाड."

"परत बघ."

तिनं सुरी घेतली. उजेडात धरली. काही दिसलं नाही. मग त्याच्यासारखी दोन बोटं लावून डोळे मिटले आणि सावकाश नेली. पहिल्यांदा काही लागलं नाही. दुसऱ्यांदा लागलं, मुठीच्या दोन बोटं अलीकडे, कागद दुमडल्याएवढी जाडी.

तिनं फडकं नाकावर ओढलं आणि मशीन सुरू केलं. गुणाजीनं पाय लांब करून पाण्याची बादली तिच्याजवळ सरकवली.